बर्लिनला शिकायला येताय? राहायचा भाग असा निवडा

अ‍ॅडमिशन लेटर हातात पडलं की दुसऱ्याच दिवशी प्रश्न सुरू होतो: बर्लिनमध्ये कुठला एरिया चांगला? विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर विचारलंत तर ढीगभर उत्तरं येतील, आणि बहुतेकांत उत्तर देणारा स्वतः जिथे राहतो त्याच भागाचं नाव असेल. यात कुणाची लबाडी नसते. बर्लिन मुळात एका चौकाभोवती वाढलेलं शहरच नाही. १९२० साली आजूबाजूची गावं आणि शहरं जोडून ते मोठं केलं गेलं, आणि पुढे १९६१ ते १९८९ अशी अठ्ठावीस वर्षं मध्ये भिंत होती. त्यामुळे बाजारपेठा, विद्यापीठं, प्राणिसंग्रहालयंसुद्धा इथे एकापेक्षा जास्त आणि लांबलांब आहेत. एकाला सोयीचा असलेला भाग दुसऱ्याच्या कॉलेजपासून तासाभरावर असू शकतो.

मी इथे शिकले, खोल्या बदलल्या, आणि नंतर नव्याने येणाऱ्या मुलामुलींना घर शोधायला मदत करत आले. त्यातून झालेलं मत आधीच सांगून टाकते: भाग हा पहिला प्रश्न नाही. आधी इमारत, मग रेल्वेची लाईन, मग पैसे. भागाचं नाव त्यानंतर. आणि त्या पत्त्यावर तुमची सरकारी नोंदणी होणार की नाही, हे भागापेक्षाही मोठं.

१. तुमचे वर्ग कुठल्या इमारतीत आहेत ते शोधा

विद्यापीठाचं नाव नकाशावर टाकून जो ठिपका येतो त्यावर भरवसा ठेवू नका. हुम्बोल्ट विद्यापीठाची मुख्य इमारत उंटर डेन लिंडेनवर, अगदी शहराच्या मध्यात आहे. पण गणित, कॉम्प्युटर सायन्स, फिजिक्स, केमिस्ट्री, भूगोल आणि मानसशास्त्र हे विभाग आग्नेयेला आडलर्सहोफला आहेत. मुख्य इमारतीशेजारी महागडी खोली घेऊन रोज आडलर्सहोफची गाडी पकडणारी मुलं दरवर्षी दिसतात.

फ्रायं विद्यापीठ मुख्यतः नैर्ऋत्येला डालेममध्ये आहे, पण भूशास्त्र लांकविट्सला आणि पशुवैद्यक ड्यूपेलला. टेक्निकल युनिव्हर्सिटी शार्लोटेनबुर्गमध्ये एर्न्स्ट-रॉयटर-प्लात्स स्टेशनच्या दारात, तरी काही प्रयोगशाळा वेडिंगच्या बाजूला आहेत. शारिटे या वैद्यकीय विद्यापीठाचे चार कॅम्पस शहरात चार वेगवेगळ्या ठिकाणी. पोट्सडाम विद्यापीठ तर बर्लिनमध्येच नाही, आणि त्याचेही तीन कॅम्पस. खाजगी विद्यापीठांची बात आणखी निराळी: नावात बर्लिन असतं आणि काहींचे वर्ग भरतात पोट्सडामला. तेव्हा विभागाच्या ऑफिसला सरळ ईमेल करा, "पहिल्या दोन सेमिस्टरचे वर्ग कुठल्या पत्त्यावर असतात?" उत्तराला आठवडा लागला तरी थांबा.

२. भाग निवडण्याआधी लाईन निवडा

बर्लिनमध्ये अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नाही. गाडी कितीदा बदलावी लागते, ते मोजा. न बदलता पस्तीस मिनिटं आरामात जातात, पुस्तक वाचता येतं. वीस मिनिटांचाच प्रवास, पण दोनदा गाडी बदलायची आणि मध्ये बस, हा जानेवारीत जीव काढतो.

शहराचा आराखडा लक्षात ठेवायला रिंग पुरे. एस-बानची, म्हणजे इथल्या लोकल गाड्यांची, ही गोल लाईन साधारण ३७ किलोमीटरची आहे आणि एक फेरा तासाभरात होतो. एस ४१ घड्याळाच्या दिशेने फिरते, एस ४२ उलट. रिंगच्या आतला भाग म्हणजे तिकिटाचा ए झोन, रिंगपासून शहराच्या हद्दीपर्यंत बी, आणि हद्दीबाहेर ब्रांडेनबुर्ग राज्यातला पट्टा सी. घरं शोधताना "रिंगच्या आत" आणि "रिंगच्या बाहेर" हे शब्द सतत ऐकू येतील; भाडं त्यावरच ठरतं.

आता लाईन. फ्रायं विद्यापीठाला जाणाऱ्यांनी यू ३ धरावी (यू म्हणजे यू-बान, इथली मेट्रो). ती वार्शाउअर श्ट्रासेहून निघून कॉटबुसर टोर, नोलेनडोर्फप्लात्स करत थेट डालेममध्ये पोचते. हुम्बोल्टच्या मुख्य इमारतीसाठी यू ५; २०२० च्या डिसेंबरात ती आलेक्सांडरप्लात्सहून पुढे मुख्य स्टेशनपर्यंत वाढवली, तेव्हापासून लिश्टेनबेर्ग आणि फ्रीडरिशफेल्डेसारख्या पूर्वेकडच्या वस्त्यांतून उंटर डेन लिंडेनला गाडी न बदलता येता येतं. आडलर्सहोफसाठी शोनेवाइडे, बाउमशुलेनवेग हे भाग, किंवा हेरमानश्ट्रासे आणि नॉयकोल्न स्टेशनवरून एस ४६.

आणि माझी आवडती यू ९. नवख्यांच्या यादीत ही कधीच नसते. उत्तरेला वेडिंगमधून निघते, मोआबिटमधून झू स्टेशनला येते (तिथून टेक्निकल युनिव्हर्सिटी चालत), पुढे श्पिखर्नश्ट्रासेला यू ३ भेटते म्हणजे डालेमही झालं, आणि शेवट श्टेग्लिट्सला. दोन मोठी विद्यापीठं एका लाईनीवर, आणि तिच्या उत्तरेकडच्या टोकाला भाडी अजून त्यातल्या त्यात बरी.

दोन सावधगिऱ्या. पहिली: शक्यतो असं घर बघा जिथून दोन वेगळ्या लाईन चालत अंतरावर आहेत. इथे रुळांची कामं काढली की आठवडेच्या आठवडे लाईन बंद राहते आणि बदली बस सुटते. ती बस ट्रॅफिकमध्ये अडकते आणि परीक्षेचा दिवस काही तुमच्यासाठी थांबत नाही. दुसरी: रात्रीचा प्रवास तपासा. शुक्रवार-शनिवारी यू-बान रात्रभर धावते, पण बाकीच्या दिवशी साधारण एक ते साडेचार बंद असते आणि मग "एन" अक्षराच्या रात्रीच्या बस. लायब्ररीत उशिरापर्यंत बसणार असाल किंवा रेस्टॉरंटमध्ये काम करणार असाल तर बेफाउगे या वाहतूक कंपनीच्या अ‍ॅपमध्ये मंगळवारी रात्री दीडचा प्रवास टाकून बघा. जो पत्ता दुपारी पंचवीस मिनिटांवर दिसतो, तो रात्री सव्वा तासावर जाऊ शकतो.

३. भाड्याचा आकडा आधी ठरवा

व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (म्हणजे दर महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात) २०२४ च्या सप्टेंबरपासून वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२ युरो हातात. यातून सरकारी आरोग्य विमा जाणार, विद्यार्थ्यांसाठी दीडशे युरोच्या आसपास. किराणा, फोन, इतर गोष्टी धरा. पास मात्र तपासून बघा: बहुतेक सरकारी विद्यापीठांत सेमिस्टरच्या फीमध्येच डॉइचलांड-सेमिस्टरटिकेट असतं, नेहमीच्या डॉइचलांड-टिकेटच्या ६० टक्के किमतीत. खाजगी विद्यापीठात ते नसेल तर पूर्ण किंमत मोजावी लागते. २०२६ च्या जानेवारीपासून ती महिन्याला ६३ युरो आहे.

एवढं वजा केल्यावर भाड्यासाठी साधारण साडेचारशे ते पाचशे उरतात. रिंगच्या आत शेअरिंगच्या घरातली (इथे सगळे "वेगे" म्हणतात) साधी खोली मात्र ६०० ते ७०० च्या घरात जाते. ही तफावत आधीच समोर ठेवा. "पार्ट-टाइम लागला की भागेल" हे खरं असलं तरी पहिले तीन-चार महिने त्यावर विसंबू नका. जर्मन येत नसेल तर काम मिळायला वेळ लागतो.

जाहिरातीत दोन भाडी असतात. काल्टमीटे म्हणजे नुसत्या जागेचं, वार्ममीटे म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा धरून. तुलना नेहमी वार्मची करा, आणि वीज-इंटरनेट त्यात आहे का ते विचारा, बऱ्याचदा नसतं. डिपॉझिट, म्हणजे काउत्सिओन, कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकं असू शकतं, आणि भाडेकरूला ते तीन मासिक हप्त्यांत द्यायचा हक्क आहे. घरमालक हे आपणहून सांगेल अशी आशा ठेवू नका.

४. वसतिगृहाचा अर्ज आजच टाका

श्टुडिरेंडेनवेर्क बर्लिनची वसतिगृहं सगळ्यांत स्वस्त आणि नोंदणीची कटकट नसलेली. पण शहरात दोन लाखांच्या आसपास विद्यार्थी आणि यांच्याकडे जागा सुमारे ९,०००. प्रतीक्षा यादी लांब असते. अ‍ॅडमिशन आल्या दिवशी अर्ज करा आणि विसरून जा. दुसऱ्या सेमिस्टरला नंबर लागला तर चांदी. खाजगी विद्यापीठात असाल तर ते या योजनेत आहे का ते आधी तपासा. खाजगी "स्टुडंट रेसिडन्स" कंपन्यांच्या इमारती दिसायला छान, नोंदणीही होते, पण भाडं चढं आणि करारात किमान मुक्कामाची अट असते. ती अट सही करण्याआधी वाचा.

५. आता भाग

इथे मी पक्षपाती आहे, हे गृहीत धरूनच वाचा.

वेडिंग हा मला विद्यार्थ्यांसाठी सगळ्यांत समजूतदार पर्याय वाटतो. यू ६, यू ८ आणि यू ९ तिन्ही मिळतात, गेझुंडब्रुनेनला रिंग आहे, तुर्की दुकानांत कोथिंबीर जुडीने आणि भेंडी-मिरची मिळते, आणि गल्लीत कुणी तुम्हाला वळून बघत नाही. दिसायला हा भाग गबाळा आहे. फुटपाथवर जुने सोफे पडलेले दिसतील, लेओपोल्डप्लात्सला दिवसाढवळ्या दारू आणि ड्रग्जवाले बसलेले असतात. ते सहसा त्यांच्या नादात असतात, पण रात्री एकट्याने त्या चौकातून जाणं टाळलेलं बरं. विमानांच्या आवाजाची भीती कुणी घातली तर ती जुनी माहिती समजा: टेगेल विमानतळ २०२० च्या नोव्हेंबरात बंद झाला.

मोआबिट वेडिंगच्याच धाटणीचं, थोडं शांत. २०२३ पासून एम १० ट्राम टुर्मश्ट्रासेपर्यंत येते, त्यामुळे मुख्य स्टेशन आणि पूर्वेकडचा भागही जवळ आला.

नॉयकोल्नबद्दल सगळ्यांनी ऐकलेलं असतं. उत्तर नॉयकोल्न, म्हणजे हेरमानप्लात्स, झोनेनआले आणि टेम्पेलहोफच्या मैदानापर्यंतचा पट्टा, खरोखर जिवंत आहे: अरबी बेकऱ्या, मायबाखउफरला मंगळवार-शुक्रवारचा बाजार, आणि विमानतळ बंद करून २०१० मध्ये खुलं केलेलं ते अफाट मैदान, जिथे संध्याकाळी धावपट्टीवर सायकल चालवता येते. पण आता हा भाग स्वस्त राहिलेला नाही. दहा वर्षांपूर्वीच्या सल्ल्यांवर जाऊन "नॉयकोल्न म्हणजे स्वस्त" असं समजू नका. स्वस्त हवं असेल तर यू ७ ने दक्षिणेला ब्रित्स, ग्रोपिउसश्टाट, रुडोपर्यंत जावं लागतं, आणि तिथलं आयुष्य अगदी वेगळं: उंच इमारती, म्हातारी माणसं, नऊनंतर शुकशुकाट. अभ्यासाला उत्तम. एकटेपणाचा त्रास होणाऱ्यांनी मात्र विचार करावा.

लिश्टेनबेर्ग आणि फ्रीडरिशफेल्डे यांना नवखे नावं ठेवतात, कारण पूर्व जर्मनीच्या काळातल्या त्या एकसारख्या काँक्रीटच्या इमारती फोटोत उदास दिसतात. आत शिरलात की मत बदलतं. बांधणी दिसायला रुक्ष, पण हीटिंग बहुधा केंद्रीय आणि चालू, लिफ्ट, ऊन येणाऱ्या खिडक्या, यू ५ खालीच. हेर्त्सबेर्गश्ट्रासेला व्हिएतनामी लोकांचं डोंग शुआन सेंटर आहे. तांदूळ, डाळी, ताजी पालेभाजी, भांडी सगळं एका छताखाली. आणखी पूर्वेला मार्त्सान-हेलर्सडोर्फ अजून स्वस्त. तिथल्या वंशद्वेषाच्या घटनांबद्दल तुम्ही वाचाल आणि ते सगळं खोटं नाही. तिथे मजेत राहणारे आपले लोकही मी ओळखते. निर्णय घेण्याआधी बर्लिनर रेगिस्टर या संस्थेच्या नोंदी बघा, त्या जिल्हावार असतात.

श्टेग्लिट्स आणि त्सेलेनडोर्फ: झाडं, टुमदार घरं, फ्रायं विद्यापीठ जवळ. वेगे कमी मिळतात, पण एखाद्या निवृत्त आजी-आजोबांच्या घरातली एखादी खोली मिळून जाते. मिळाली तर घ्या. जर्मन लवकर येईल.

क्रॉयत्सबर्ग, फ्रीडरिशहाइन, प्रेन्झलाउअर बेर्ग इथे फिरायला जा. राहायला परवडलं तर नशीब समजा, पण खिडकी बारवर उघडत नाही ना हे बघा.

श्पांडाउ, रायनिकेनडोर्फ, क्योपेनिक या कडेच्या भागांबद्दल एवढंच: स्टेशनपासून चालत दहा मिनिटांच्या आत घर असेल तर चालेल. स्टेशनवरून पुढे बस असेल तर सोडा.

पोट्सडाम, बेर्नाउ, टेल्टो असं हद्दीबाहेरचं घर घेताना एक गोष्ट कुणी सांगत नाही. ते ब्रांडेनबुर्ग राज्य आहे. तिथे राहिलात की रेसिडन्स परमिटसाठी बर्लिनचं ऑफिस तुमचं काम करत नाही. त्या गावच्या किंवा जिल्ह्याच्या ऑफिसात जावं लागतं. ते वाईट असतं असं नाही, पण अर्ज एका ठिकाणी टाकून घर दुसरीकडे बदललंत की फाईल अडकते.

सुरक्षिततेसाठी पोलिसांचा गुन्ह्यांचा नकाशा ऑनलाइन बघता येतो. त्यात आलेक्सांडरप्लात्सचे आकडे भयंकर दिसतात, कारण गुन्हे मोजताना भागले जातात तिथल्या मोजक्या रहिवाशांच्या संख्येने, आणि खिसे कापले जातात पर्यटकांचे. आकडा बघताना हे ध्यानात असू द्या.

६. "आनमेल्डुंग होईल का?" हा प्रश्न पहिल्याच मेसेजमध्ये विचारा

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करावी लागते असा कायदा आहे. त्यावर पुढचं बहुतेक सगळं अडतं: रेसिडन्स परमिट, टॅक्स नंबर, अनेक बँकांची खाती. आणि नोंदणीसाठी नुसता भाडेकरार चालत नाही. घर देणाऱ्याची सही असलेला एक वेगळा फॉर्म लागतो, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. नाव लांबलचक, फॉर्म एका पानाचा.

स्वस्त आणि भारी जागेतली खोली असेल आणि जाहिरातीत "आनमेल्डुंग नाही" असं बारीक अक्षरात असेल, तर ती तुमच्यासाठी नाही. अशी खोली बहुधा घरमालकाला न विचारता पोटभाड्याने दिलेली असते. पहिले काही आठवडे टेकायला म्हणून घेतलीत तर ठीक, पण मग नोंदणी होणारं घर शोधायचं घड्याळ चालू आहे हे विसरू नका. होस्टेल, हॉटेल, पाहुणे म्हणून राहिलेलं मित्राचं घर, यांतून सहसा नोंदणी होत नाही. पैसे घेऊन नुसता पत्ता देणारे लोक भेटतील. ते बेकायदेशीर आहे, आणि पत्रं त्या पत्त्यावर येतात, तुमच्यापर्यंत नाही.

नोंदणीची अपॉइंटमेंट शहरातल्या कुठल्याही ब्युर्गरआम्टमध्ये (नागरिकांच्या कामांच्या सरकारी ऑफिसात) घेता येते, आपल्याच भागातलं हवं असं नाही. सकाळी लवकर वेबसाइट उघडून बसलं की रद्द झालेल्या वेळा मिळतात. दोन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली तर घाबरू नका, बुकिंगचा पुरावा जपून ठेवा.

७. जाहिरात वाचताना

"मिटे" (शहराचा मध्यभाग) असं लिहिलेलं घर वेडिंगमध्ये निघू शकतं. २००१ च्या फेररचनेत मिटे, टियरगार्टन आणि वेडिंग मिळून एकच मिटे जिल्हा झाला, त्यामुळे जाहिरात तांत्रिकदृष्ट्या खोटी नसते. "नॉयकोल्न"चंही तेच, रुडोही त्यातच येतं. म्हणून नावाऐवजी पिनकोड बघा. १०११५ म्हणजे जुनं मिटे, १३३५३ म्हणजे वेडिंग, १२०४७ उत्तर नॉयकोल्न, १२३५५ रुडो. रस्त्याचं नावही पिनकोडसकटच नकाशावर टाका, कारण १९२० मध्ये जोडलेल्या गावांचे बर्लिनर श्ट्रासे, बानहोफश्ट्रासे असे एकाच नावाचे अनेक रस्ते आजही आहेत.

रिकामा फ्लॅट घेत असाल तर "ईबीके" ही अक्षरं शोधा. ती नसतील तर स्वयंपाकघर म्हणजे चार भिंती आणि नळाचा पाइप. ओटा, सिंक, शेगडी सगळं तुम्ही आणायचं. "बेफ्रिस्टेट" म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं. "त्स्वेक-वेगे" म्हणजे गप्पांची अपेक्षा नाही, फक्त भाडं वाटून घ्यायचंय. मला यात काही वाईट वाटत नाही.

८. बघायला जा, आणि उजेडी जा

बर्लिनच्या जुन्या इमारतींत रस्त्याकडेचं घर, बाजूची विंग आणि मागचं घर असे भाग आतल्या अंगणाभोवती असतात. मागच्या इमारतीत, तळमजल्यावर, खिडकी त्या अंगणात उघडणारी खोली स्वस्त का असते ते डिसेंबरात कळतं. तेव्हा चार वाजायच्या आत सूर्य मावळलेला असतो, आणि त्या खोलीत तो आदल्या दिवशीही आलेला नसतो. तुम्ही ऑगस्टमध्ये बघायला जाल तेव्हा ती "छान थंडगार" वाटेल.

वेळेआधी दहा मिनिटं पोचा. जुन्या रस्त्यांवर घरांचे नंबर एका बाजूने वाढत जातात आणि टोकाला वळून दुसऱ्या बाजूने परत येतात, त्यामुळे १२ समोर १३ नसून १४७ असू शकतो. दारावरच्या बेलच्या पाटीवर फ्लॅटचे नंबर नसतात, फक्त आडनावं. ज्याला भेटायचंय त्याचं पाटीवरचं आडनाव आधी विचारून ठेवा. बऱ्याचदा ते तुम्हाला मेसेज करणाऱ्याचं नसतं.

आत गेल्यावर खिडकीच्या चौकटीचे कोपरे आणि कपाटामागची भिंत बघा, काळे ठिपके म्हणजे बुरशी. हीटिंग कशावर चालतं ते विचारा. विजेच्या हीटरवर असेल तर हिवाळ्याचं बिल वेगळं येतं. वेगेमध्ये गेलात तर तीच मुलाखत समजा. फ्रिजमधले कप्पे, साफसफाईचा आठवडा, रात्री दहानंतरची शांतता यावर ते बोलतील. तुम्हीही स्पष्ट बोला. फोडणीचा वास आणि प्रेशर कुकरची शिट्टी यांचा विषय आताच काढलेला बरा.

भारतातून बघता येत नसेल तर बर्लिनमधल्या कुणालातरी पाठवा किंवा व्हिडिओ कॉलवर दाखवायला सांगा, आणि कॅमेरा जिन्यातून बेलच्या पाटीपर्यंत न्यायला सांगा. नाहीतर पहिले चार-सहा आठवडे तात्पुरती जागा घ्या आणि इथे येऊन शोधा. हिवाळी सेमिस्टर १ ऑक्टोबरला सुरू होतं, त्यामुळे ऑगस्ट ते ऑक्टोबर खोल्यांसाठी झुंबड असते. जमलं तर ऑगस्टच्या सुरुवातीलाच या.

९. फसवणूक कशी ओळखायची

मालक "सध्या परदेशात" आहे, चावी कुरियरने पाठवणार आहे, फोटो मासिकात शोभतील असे आहेत, भाडं बाजारभावाच्या निम्मं आहे, आणि डिपॉझिट आज भरलं तरच खोली राहील. यांतल्या दोन गोष्टी जुळल्या की संभाषण बंद करा. घर बघितल्याशिवाय आणि करारावर सही झाल्याशिवाय एक युरोही पाठवू नका. पासपोर्टची पूर्ण कॉपी पहिल्याच मेसेजला मागितली तर देऊ नका. तुमच्या पासपोर्टच्या फोटोवर पुढच्या कुणालातरी फसवलं जातं.

लागणारे कागद

एका पीडीएफमध्ये तयार ठेवा, कारण चांगली खोली काही तासांत जाते:

- पासपोर्टचं फोटोचं पान (नंबर झाकून, कराराच्या वेळी पूर्ण दाखवा) आणि व्हिसा
- अ‍ॅडमिशन किंवा एनरोलमेंटचं पत्र
- ब्लॉक्ड अकाउंटचं पत्र, स्कॉलरशिप असेल तर तिचं पत्र
- आईवडिलांचं हमीपत्र, मागितलं तर
- आधीच्या घरमालकाचं "भाडं थकलेलं नाही" असं चार ओळींचं पत्र, इंग्रजीत चालतं
- स्वतःबद्दल आठ-दहा ओळी, शक्य तर जर्मनमध्ये

शूफा नावाचा आर्थिक पत दाखवणारा कागद मागतील. नवीन आलेल्याकडे तो नसतोच. तसं मोकळेपणाने लिहा आणि ब्लॉक्ड अकाउंटचं पत्र जोडा. वेगेवाले सहसा समजून घेतात. मोठ्या घरकंपन्या घेत नाहीत. म्हणूनच पहिलं वर्ष वेगेत काढणं सोपं.

१०. चावी मिळाल्यावर

सामान आत न्यायच्या आधी प्रत्येक भिंत, फरशी, ओव्हन यांचे फोटो काढा आणि त्याच दिवशी घर देणाऱ्याला ईमेल करा. डिपॉझिट परत मागताना हाच पुरावा. मग लगेच लेटरबॉक्सवर नाव चिकटवा. फ्लॅटला नंबर नसल्यामुळे पोस्टमन फक्त नाव बघतो. ते नसेल तर बँकेचं कार्ड, विम्याचं पत्र, टॅक्स नंबर सगळं परत जातं. दुसऱ्याच्या नावाच्या बॉक्समध्ये पत्र यायचं असेल तर पत्त्यात आपल्या नावाखाली "बाय" (bei) आणि त्याचं आडनाव लिहा.

घर सोडायचं झालं तर नेहमीच्या करारात तीन महिने आधी, सही केलेल्या कागदावर कळवावं लागतं. ईमेल किंवा मेसेज चालत नाही. नव्या घरी गेलात की पुन्हा दोन आठवड्यांत नोंदणी.

आणि नोंदणीनंतर काही आठवड्यांनी रेडिओ-टीव्हीच्या फीचं पत्र येईल, महिन्याला १८.३६ युरोचं. टीव्ही नाही म्हणून ते फेकून देऊ नका, दंडासकट परत येतं. ही फी माणशी नसून घरटी असते. वेगेतलं कुणी आधीच भरत असेल तर त्याचा खाते क्रमांक त्या पत्राच्या उत्तरात कळवायचा आणि आपला वाटा त्याला द्यायचा.